टी-शर्टचं स्क्रीन प्रिंटिंग: प्रिंट बिघडली की येणारे नेहमीचे प्रश्न

वडील गिरगावात लग्नपत्रिका छापायचे, मी टी-शर्टवर आलो. आता गाळा शिवडीत आहे. आमच्या धंद्याची सुगी नेमकी भर पावसात येते. आधी दहीहंडी, मग गणपती. त्या दोन महिन्यांत नवशिके, घरी टेबल टाकून छापणारे, मंडळाचे हौशी कार्यकर्ते असे सगळे फोन करतात आणि प्रश्न तेच तेच असतात. ते इथे लिहून काढले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दोष टी-शर्टवर दिसतो, पण झालेला असतो एक-दोन पायऱ्या आधी. त्यामुळे खाली बऱ्याच ठिकाणी तुम्ही शाईबद्दल विचाराल आणि मी स्क्रीनबद्दल बोलेन. स्क्रीन म्हणजे फ्रेमवर ताणलेली जाळी. तिला इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा थर, लावतात. त्यावर पॉझिटिव्ह, म्हणजे उजेड जाऊ देणाऱ्या कागदावर काळ्यात काढलेलं डिझाइन, ठेवून उजेड देतात, ते एक्स्पोज करणं. काळ्याखालचं इमल्शन धुतलं की निघतं, आणि त्या उघड्या जाळीतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढतात.

इमल्शन रात्रभर वाळवलं, एक्स्पोज केलं, पण पाणी मारलं की डिझाइनसकट सगळंच वाहून जातंय. इमल्शन खराब आलंय का?

वाळवलं कुठे ते आधी सांगा. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. त्या हवेत रात्री दोरीवर टाकलेला टॉवेल सकाळी दमटच असतो, मग इमल्शन कसं वाळणार? वरून हाताला कोरडं लागतं, आत पाणी राहिलेलं असतं. ओल्या थरावर उजेड पडला तरी इमल्शन नीट घट्ट होत नाही. मग ते अगदी कमी एक्स्पोज झाल्यासारखं वागतं आणि लोक वेळ वाढवत सुटतात. चारची सहा मिनिटं, सहाची दहा. त्यात बारीक अक्षरं बुजतात आणि कडा तरीही सुटतातच.

वाळवायला बंद जागा करा. लोखंडी कपाट, प्लायचा खोका, बंद पडलेला फ्रिज, काहीही चालेल. आत छोटा डीह्युमिडिफायर ठेवा, किंवा फ्रेम एसीच्या खोलीत ठेवून एसी ‘ड्राय’वर लावा. नुसता पंखा लावला तर तीच ओली हवा फिरत राहते. हीटर लावणार असाल तर ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, उष्णतेनेही इमल्शन धरायला लागतं. फ्रेम आडवी ठेवा, टी-शर्टकडची बाजू खाली, म्हणजे थर त्या बाजूला बसतो. कपाटात एक साधं हायग्रोमीटर ठेवा. काटा ५०च्या खाली आल्याशिवाय मी फ्रेम बाहेर काढत नाही.

आमच्याकडचे मामा मात्र फ्रेम गालाला लावून बघतात. ओल असेल तर गार लागते. मीटर आणि मामांचा गाल यांच्यात आजवर कधी मतभेद झालेला नाही.

कोरडी असूनही वाहून जात असेल तर मात्र इमल्शनकडे वळा. डायझो जातीच्या इमल्शनमध्ये सेन्सिटायझर, म्हणजे त्याला उजेडाने घट्ट व्हायला लावणारं रसायन, मिसळला की त्याचे दिवस मोजायला लागायचे. थंड जागी महिना-सव्वा महिना टिकतं, मे महिन्यात पत्र्याखालच्या गाळ्यात त्याहून बरंच कमी. डब्यावर मिसळल्याची तारीख लिहा. आणि सेन्सिटायझर घातला होता ना? हसू नका, हा प्रश्न विचारल्यावर पलीकडे शांतता पसरलेली मी अनेकदा ऐकली आहे.

आमचं उलटं होतंय. कितीही पाणी मारलं तरी बारीक अक्षरं उघडतच नाहीत.

एक्स्पोज जास्त झालंय, किंवा पॉझिटिव्हचा काळा पुरेसा काळा नाही. पॉझिटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरा. काळ्या भागातून ट्यूबचा आकार दिसत असेल तर उजेड तिथूनही गेला. ट्रेसिंग पेपरवर लेझरची प्रिंट काढली असेल तर दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. पॉझिटिव्ह आणि जाळी यांच्यात फट राहिली तरी उजेड कडेने आत शिरतो, म्हणून वर जाड काच आणि वजन हवंच. आणि फ्रेम वाळताना खोलीत पांढरी ट्यूब चालू होती का? पिवळा बल्ब लावा.

मग नक्की किती मिनिटं एक्स्पोज करायचं?

माझी मिनिटं तुमच्या उपयोगाची नाहीत. दिवा, अंतर, जाळी, थर, इमल्शन, यातलं काहीही बदललं की वेळ बदलतो. एक फ्रेम खर्ची घाला. बारीक अक्षरांची पॉझिटिव्ह लावून सगळं २ मिनिटं एक्स्पोज करा. मग काळ्या पुठ्ठ्याने एक पट्टा झाका आणि १ मिनिट द्या. दुसरा पट्टा झाका, पुन्हा १ मिनिट. असं करत गेलात की २, ३, ४, ५ आणि ६ मिनिटांचे पट्टे एकाच फ्रेमवर मिळतात. धुतल्यावर आतल्या, म्हणजे स्क्वीजीच्या बाजूने बोट फिरवा. बुळबुळीत लागलं आणि बोटाला रंग आला तर तो वेळ कमी. जिथे बुळबुळ संपते आणि अक्षरंही उघडी असतात, तो तुमचा वेळ. तो भिंतीवर लिहून ठेवा.

उन्हात एक्स्पोज करणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही. एप्रिलात झकास होतं. पण ऑगस्टमध्ये ढग सरकला की हिशोब सरकतो, आणि काम तर ऑगस्टचंच असतं.

प्रिंटमध्ये भलत्याच जागी ठिपके येतात.

हे पिनहोल. इंग्रजी मजकुरात एखादा ठिपका खपून जातो, देवनागरीत अर्थच बदलतो. शिरोरेषेच्या वर पिनहोल पडलं आणि ‘राजा’चा ‘रांजा’ होऊन ऐंशी टी-शर्ट छापून झाले, हे आमच्याच गाळ्यात घडलं आहे. चार माणसांनी घड्या घातल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. नेणाऱ्याच्या आईने वाचलं.

कारण बहुतेक वेळा धूळ असते. काचेवरची, पॉझिटिव्हवरची किंवा जाळीवर राहिलेला तेलकटपणा. इमल्शन लावण्याआधी जाळी डिग्रीझरने धुवा. भांड्यांच्या साबणात सुवास आणि हात मऊ ठेवणारे पदार्थ असतात, तेच जाळीवर राहतात. तयार स्क्रीन उजेडासमोर धरून चाळणीसारखी तपासा आणि प्रत्येक भोक बारीक ब्रशने इमल्शन लावून बुजवा. वाळल्यावर पुन्हा एक्स्पोज करा. कडेच्या भोकांना टेप पुरतो. दर वेळी भरपूर पिनहोल पडत असतील तर ती धूळ नाही, एक्स्पोज कमी पडतंय.

आणि अनुस्वार गळतो त्याचं काय?

‘दहीहंडी’ची ‘दहीहडी’ होते, तो प्रकार. ठिपका इतका लहान असतो की इमल्शन तिथे धुवून उघडत नाही, किंवा उघडूनही शाई वाळून बंद होतो. कॉम्प्युटरवरच अनुस्वार, रफार आणि नुक्ते थोडे जाड करून घ्या. छातीवरच्या छोट्या नावात अक्षराच्या पोटातल्या जागाही बघा. ‘क्ष’ आणि ‘श्र’ भरून जाणारी पहिली अक्षरं. छापताना पहिल्या टी-शर्टवर मजकूर अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायचा, ही आमच्याकडे ‘रांजा’नंतर सुरू झालेली पद्धत आहे.

ग्राहकाने पाठवलेल्या फाइलमधली मराठी अक्षरं आमच्याकडे उघडल्यावर भलतीच दिसतात.

त्याच्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट तुमच्याकडे नाही. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर फॉन्टशिवाय नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. युनिकोड असेल तर जुन्या कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) पहिली वेलांटी पुढची मागे जाते, जोडाक्षरं फुटतात. मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करूनच, पाठवायला सांगा, आणि सोबत मोबाइलवर त्याचा फोटो. दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघा.

१२० नंबरची जाळी मागितली, पण शाई उतरतच नाही.

दुकानदाराने १२० दिली, तुम्हाला हवी होती ती वेगळी १२०. नंबर दोन पद्धतींनी सांगतात, इंचाला किती धागे किंवा सेंटिमीटरला किती. पुढे ‘टी’ असेल तर तो सेंटिमीटरचा. १२०टी म्हणजे इंचाला ३०५ धागे, ती व्हिजिटिंग कार्डाच्या बारीक कामाची. टी-शर्टच्या ठसठशीत मजकुराला ४३टी, म्हणजे इंचाला सुमारे ११०. मधल्या कामाला ७७टी, म्हणजे सुमारे १९५. मागताना ‘टी’ तोंडाने म्हणा आणि दुकानातच जाळी उजेडात धरून बघा.

काळ्या टी-शर्टवर पांढरा फिका येतो. जोर लावून ओढलं तरी तसाच.

जोर लावता म्हणूनच. स्क्वीजी दाबली की शाई कापडावर बसायच्या ऐवजी कापडात घुसते, आणि मधून काळे धागे डोकावत राहतात. पांढरा कापडाच्या वर बसायला हवा.

आता मागे जाऊ. पहिलं, जाळीचा ताण. बोटाने टिचकी मारा, ताशासारखी खणखणीत वाजली पाहिजे. बदबद वाजली तर ती जाळी शाईतून वेळेवर सुटत नाही. लाकडी फ्रेम पावसात फुगतात, पिळतात, त्यांचा ताण श्रावणात जेवढा जातो तेवढा वर्षभरात जात नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम महाग पडते, पण मी गणपतीची कामं लाकडावर घेणं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली.

दुसरं, जाळी आणि टी-शर्ट यांच्यातली फट. जाळी कापडाला चिकटून नसावी. स्क्वीजी जाईल तेवढ्यापुरती टेकावी आणि मागोमाग सुटावी. दीड ते तीन मिलिमीटर पुरे. मापायला काही नसेल तर खिशात हात घाला. आत्ताचं एक रुपयाचं नाणं सुमारे दीड मिलिमीटर जाड असतं. फ्रेमच्या टोकाखाली एक ठेवा, जाड कापडाला दोन.

तिसरं, स्क्वीजीची धार. रबर गोलसर झालं असेल तर शाई जास्त आणि वेडीवाकडी उतरते. ६५-७०च्या कडकपणाचं रबर घ्या आणि धार गेली की घासून घ्या.

एवढं झालं की मग शाई. प्लॅस्टिसोल, म्हणजे उष्णतेनेच पक्की होणारी प्लास्टिकची शाई, डब्यात घट्ट बसलेला असतो, तो कालथ्याने चांगला फेटा. सैल झाला की हलक्या हातानेही उतरतो. एक हात छापा, फ्लॅश (वरून काही सेकंद उष्णता देणारा हीटर) द्या, दुसरा हात छापा. एकाच वेळी चार हात ओढून जाड थर चढवू नका, तो पुढे क्युअरिंगला, म्हणजे उष्णतेने शाई पक्की करायला, त्रास देतो.

कडा फुटतात, शाई अक्षराच्या बाहेर पसरते.

शाई पातळ, स्क्वीजी फार आडवी, फट नाही, किंवा टी-शर्टकडच्या बाजूला इमल्शनचा थर पुरेसा नाही. शेवटचं कारण लोक विसरतात. थर पातळ असला की शाई जाळीच्या धाग्यांखालून कडेने सरकते. पाण्याच्या पेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात बनवलेल्या शाईत, लोक ‘चांगली चालावी’ म्हणून पाणी घालतात, तिथून सुरुवात होते.

अक्षरं डबल दिसतात.

टी-शर्ट हलला. टी-शर्ट चढवतात त्या फळीवर टेबल गम नाही, किंवा त्यावर कापसाची लव बसून चिकटपणा गेला. बिजागरी हलवून बघा, ढिली असेल तर गमला दोष देऊ नका.

छापता छापता जाळीच बंद होते. दर दहा टी-शर्टमागे धुवावी लागते.

पाण्याची पेस्ट वापरता ना? डोक्यावर पंखा आहे का? तो आधी बंद करा. मला माहीत आहे, मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे भांडण काढणं. मग निदान वाऱ्याचा झोत फ्रेमवर येणार नाही असा फिरवा. छापून झालं की जाळी उघडी ठेवू नका. फ्रेम उचलून हलक्या हाताने शाईचा थर जाळीवर पसरवून ठेवा, पुढचा टी-शर्ट चढवेपर्यंत तो जाळी ओली ठेवतो. पेस्टमध्ये थोडा रिटार्डर (शाई हळू वाळवणारं रसायन) किंवा ग्लिसरीन घाला, बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारत राहा. आणि फोन आला तर छापणाऱ्याने घ्यायचा नाही.

प्लॅस्टिसोल असा वाळत नाही, त्याला उष्णता लागते. तोही बंद होत असेल तर फ्लॅशचा गरम वारा जाळीवर येतोय, किंवा फळ्या तापल्यात.

पाण्याची पेस्ट वापरताना स्क्रीनच विरघळायला लागली तर? इमल्शन पाण्याला टिकणारं नाही. तशा कामासाठीचं इमल्शन मागून घ्या, आणि स्क्रीन धुऊन वाळली की पुन्हा एकदा उन्हात धरून पक्की करा.

मरून ड्राय-फिटवर पांढरं छापलं, दुसऱ्या दिवशी गुलाबी झालं!

या, बसा. हे माझ्यावर गेलेलं आहे. एका गोविंदा पथकाचे मरून ड्राय-फिट, म्हणजे पॉलिएस्टरचे टी-शर्ट, तीनशे नग. दहीहंडीच्या दोन दिवस आधी रात्री अकराला शेवटचा टी-शर्ट बेल्टवरून, म्हणजे शाई पक्की करायच्या सरकत्या भट्टीतून, उतरला. पांढरा कसा, दुधासारखा. सकाळी गठ्ठे सोडले तर सगळी अक्षरं बेबी पिंक. पथकाचा मुलगा टी-शर्ट हातात धरून नुसता बघत होता. मग म्हणाला, “दादा, आपण पांढरं सांगितलेलं ना?”

झालं असं. पॉलिएस्टर ज्या रंगाने रंगवतात तो डिस्पर्स रंग उष्णतेने सुटतो आणि वाफ होऊन वर चढतो. कापड १५० अंशांच्या आसपास गेलं की तो हलायला लागतो, आणि वर मऊ, पांढरा प्लॅस्टिसोल बसलेला असतो. मी त्यावर सुती कापडाची नेहमीची पांढरी शाई वापरली होती आणि बेल्ट १६५ वर ठेवला होता. रंग लगेच चढत नाही, काही तासांनी, कधी काही दिवसांनी दिसतो, म्हणून हा दोष पैसे हातात पडल्यावर उघडा पडतो. लाल, मरून आणि भगवा हे सगळ्यात वाईट. आणि मंडळांना नेमके तेच रंग लागतात.

आता मी काय करतो ते सांगतो. पॉलिएस्टर असेल तर कमी तापमानाला पक्की होणारी लो-ब्लीड (कापडाचा रंग वर चढू न देणारी) पांढरी शाई. भडक लाल-मरूनवर तिच्याखाली राखाडी ब्लॉकरचा एक हात. बेल्टचं तापमान शाईच्या डब्यावर लिहिलंय तेवढंच, दहा अंशही जास्त नाही. गरम टी-शर्ट एकावर एक रचायचे नाहीत, आधी पसरून थंड करायचे. कारण गठ्ठ्यात उष्णता तासन्‌तास टिकते, आणि काही लो-ब्लीड शायांचा लागून असलेल्या टी-शर्टवर फिका ठसाही उमटतो. नवीन कापड आलं की एक टी-शर्ट छापून आठवडाभर खिळ्याला टांगून ठेवायचा. घाईचं काम असेल तर सरळ सांगायचं: पांढऱ्याऐवजी काळं किंवा गडद निळं घ्या.

त्या पथकाने गुलाबीच घातले. छपाईचे पैसे मी घेतले नाहीत.

प्रिंट धुतल्यावर निघाली. शाई कंपनीची चांगली होती.

शाई चांगलीच असेल. ती शिजली नाही.

प्लॅस्टिसोल म्हणजे पीव्हीसीचे कण आणि प्लॅस्टिसायझर. साधारण १६० अंशांना ते एकजीव होतात आणि धाग्याला धरून बसतात. पण १६० अंश थराच्या तळापर्यंत पोचायला हवेत. लेझरची तापमान-बंदूक फक्त वरचा पृष्ठभाग मोजते. वर १६० दाखवते, खाली १३० असतात. वरून कोरडं, हाताला लागत नाही, ग्राहक खूश. पहिल्या धुण्याला भेगा, तिसऱ्या धुण्याला पोपडे. थंड झाल्यावर प्रिंट दोन्ही हातांनी ताणून बघा. भेगा पडल्या तर शिजलेली नाही. शाईखाली लावायच्या तापमानाच्या पट्ट्या मिळतात, त्या बंदुकीपेक्षा खऱ्या बोलतात.

पावसात यात एक भर पडते. सुती कापड हवेतलं पाणी शोषतं. ६५ टक्के आर्द्रतेच्या प्रमाणित हवेतही त्याच्या कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के पाणी त्यात असतं. दीडशे ग्रॅमच्या टी-शर्टमध्ये बारा-तेरा ग्रॅम. म्हणजे टी-शर्ट कोरडा वाटतो, पण त्यात दोन-अडीच चमचे पाणी आहे. आमच्या ऑगस्टच्या हवेत आणखी जास्त. बेल्टमधली उष्णता आधी ते पाणी उडवायला खर्च होते, शाईची पाळी नंतर. मे महिन्यातल्या बेल्टच्या वेगाने ऑगस्टमध्ये छापलं की शाई कच्ची राहते. वेग कमी करा. छापण्याआधी टी-शर्टवर रिकामा फ्लॅश फिरवला तरी बरंच पाणी उडतं.

दुसरा चोर म्हणजे व्होल्टेज. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३०चे २०० झाले की उष्णता जवळपास पाव कमी होते, आणि लांब पातळ एक्स्टेन्शन वायरवर फ्लॅश चालवत असाल तर तेवढी घट घरच्या घरी होते. बटण तेच, दिवा तोच, टी-शर्ट कच्चे.

पाण्याच्या पेस्टचं गणित वेगळं. तिला पाणी उडायला हवा लागते आणि मग १५० अंशांना तीन-चार मिनिटं. क्युअरिंगची सोय नसेल तर फिक्सर घाला, डब्यावर लिहिलेल्या मापाने. तो घातलेली पेस्ट त्याच दिवशी संपवायची, उरलेली उद्या वापरली तर रंग धरत नाही. आणि छापल्यावर तीन-चार दिवस पाण्यात घालायची नाही. दहीहंडीच्या आदल्या रात्री छापलेला पेस्टचा टी-शर्ट दुसऱ्या दिवशी थरांवर चढतो, वरून इमारतींतून पाण्याचा मारा होतो, आणि खालच्या गोविंदाच्या खांद्यावर वरच्याचा मजकूर उतरतो. दोष पावसाचा म्हणून सांगितला जातो.

क्युअरिंगला बेल्ट नाही, हीट प्रेस आहे. चालेल?

प्लॅस्टिसोलला चालेल. १६० अंश, हलका दाब, टेफ्लॉन शीट, १५ ते २० सेकंद. प्रिंट थोडी चपटी आणि चकचकीत होते. पाण्याच्या पेस्टला आधी पूर्ण वाळू द्या, नाहीतर वाफ आत अडकते. मग दोन-तीनदा थोडा थोडा वेळ दाबा, मधे उघडून वाफ जाऊ द्या. कपड्याच्या इस्त्रीने करायचं म्हणाल तर दोन टी-शर्टला ठीक आहे, दोनशेला नाही.

दुसरा रंग छापताना पहिला उचलला जातो.

फ्लॅश कमी पडला. बोट लावल्यावर चिकटलं नाही की पुरे, तेवढंच हवं. घाबरून जास्तही देऊ नका. पहिला रंग पूर्ण शिजला तर दुसरा त्याला धरत नाही आणि धुतल्यावर वरचा रंग सालीसारखा निघतो. तासाभराने फळ्या तापतात, मग तोच फ्लॅश जास्त पडायला लागतो. दर पंचवीस-तीस नगांनी वेळ दोन सेकंद कमी करून बघा.

चार रंग एकमेकांवर बसत नाहीत.

पहिला टी-शर्ट बरोबर आणि पुढचे सरकत गेले, तर यंत्रात ढिलाई आहे. पहिल्यापासूनच बसत नसेल तर चारही जाळ्यांचा ताण सारखा नाही, किंवा पॉझिटिव्ह वेगवेगळ्या दिवशी काढलीत. ट्रेसिंग पेपरही दमट हवेत फुगतो, म्हणून चारही पॉझिटिव्ह एकाच बैठकीत काढा. होजिअरी कापड पहिल्या फ्लॅशला आक्रसतं, म्हणून छापण्याआधी रिकामा फ्लॅश इथेही उपयोगी. पांढरा बेस वरच्या रंगापेक्षा किंचित बारीक ठेवा, मग केसाएवढी चूक दिसत नाही.

बाप्पाचा फोटो छापायचा आहे. ठिपक्यांमध्ये लाटांसारखे पट्टे येतात.

ठिपक्यांची ओळ आणि जाळीचा धागा एकमेकांशी भांडतायत. टी-शर्टला ४५ एलपीआय (इंचात ठिपक्यांच्या तेवढ्या ओळी) पुरे, आणि इंचातले धागे त्याच्या साडेचारपट तरी हवेत, म्हणजे २००च्या आसपास. ७७टी घ्या. ठिपक्यांचा कोन २२.५ अंश ठेवून बघा, बहुतेक वेळा पट्टे जातात. आणि मोबाइलवरून आलेला फोटो शंभर वेळा फॉरवर्ड झालेला नसावा.

पांढऱ्या टी-शर्टवर पिवळसर चौकोन उमटला.

भाजला. फ्लॅश फार जवळ किंवा फार वेळ. फिकट असेल तर धुण्यात जातो, तपकिरी असेल तर तो टी-शर्ट आता गाळ्यातलं फडकं.

जुनी स्क्रीन साफ होत नाही, आधीचं डिझाइन पुसट दिसत राहतं.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता रंगाचा पुसट डाग असेल आणि उजेडासमोर जाळी उघडी दिसत असेल तर काम करा, काही होत नाही. इमल्शनच निघत नसेल तर रिमूव्हर जाळीवर वाळू दिला होतात का ते आठवा. तो वाळला की उरलेलं इमल्शन कायमचं घट्ट बसतं. लावायचा, मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, ब्रश मारायचा आणि प्रेशरने धुवायचं, मधे चहाला जायचं नाही. त्याआधी शाई पूर्ण काढा, शाईखालच्या इमल्शनला रिमूव्हर पोचत नाही.

प्लॅस्टिसोलची उरलेली शाई गटारात सोडू नका. डब्यात परत भरा, ती खराब होत नाही.

डायक्रोमेटचं इमल्शन स्वस्त पडतं. वापरू का?

नको. ते नारिंगी खडे म्हणजे क्रोमियमचा विषारी प्रकार. कातडीला फोड येतात आणि कॅन्सरचा धोका आहे. जुन्या लोकांची बोटं मी पाहिली आहेत. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर घ्या. जे काही वापराल त्याला हातमोजे आणि उघडी खिडकी, डाग काढायच्या स्प्रे गनला तर नक्कीच.

डीटीएफ आल्यावर स्क्रीनमध्ये पडायचं कशाला?

वीस-पंचवीस नग, पुष्कळ रंग, प्रत्येकावर वेगळं नाव, तर डीटीएफ (डिझाइन फिल्मवर छापून टी-शर्टवर उष्णतेने चिकटवणं) करून घ्या, मीही बाहेरून करून घेतो. एक-दोन रंग आणि दोनशे नग असतील तर स्क्रीन स्वस्त पडते आणि छातीवर प्लास्टिकचा कागद चिकटवल्यासारखं वाटत नाही. ढोल वाजवणाऱ्या पोरांना विचारा, घामाघूम झाल्यावर फरक कळतो.

किती टी-शर्ट जास्तीचे मागवायचे?

शंभराला तीन, पहिल्यांदा छापत असाल तर पाच. सगळे एकाच लॉटचे घ्या, कारण ‘तोच काळा’ दुसऱ्या लॉटमध्ये तोच नसतो. मापं लिहून घेताना मंडळाकडून एक्सएल आणि डबल एक्सएलचा आकडा दोनदा विचारा. यादी करणारा मुलगा बहुतेक मीडियमचा असतो.